उभ्या गाड्या

सकाळी साडेसातला डेपोत हजेरी,
चौदा जणांची.
काम एकच. उभ्या गाड्या चालू करायच्या,
दहा मिनिटं इंजिन फिरवायचं,
दोन हात पुढं, दोन हात मागं,
म्हणजे बॅटरी उतरत नाही,
टायर एकाच अंगावर बसत नाहीत.
वहीत लिहायचं : गाडी नंबर, वेळ, डिझेल, सही.
माणसांसाठी असली वही नव्हती.

येताना व्हीनस कॉर्नरला भिंतीवर
गेल्या सालच्या पुराची रेघ दिसते.
ते पाणी चढलं तसं दिसलं,
उतरलं तसा चिखल उपसायला अख्खी पेठ उतरली.
आता सहा फुटांवर उभं राहून
काय उपसायचं, कुणाच्या खांद्याला खांदा लावून?

रात्री झोप येत नाही.
सासू म्हणते, नोकरी सोड.
मी भिंतीकडं तोंड करून थांबे म्हणतो,
रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा...
कधी साळवणला डोळा लागतो,
कधी गगनबावडा येऊन परत फिरावं लागतं.

दस्तगीर मुजावर माझा ड्रायव्हर.
बोलला तर घाटातल्या धुक्याबद्दल,
नाहीतर नाही.
मे महिन्यात कामगारांच्या गाड्या कोगनोळी नाक्यावर सोडून आला
तेव्हापासून म्हशीच्या छपरात झोपायचा.
पोरगी ताट उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची.
"म्हस मास्क लावत नाही, तेवढीच तोंड दाखवती,"
म्हणाला एकदा.
आम्ही हसलो.
तो हसला नाही हे घरी गेल्यावर ध्यानात आलं.

ऑगस्टात त्याचा थोरला भाऊ गेला, कळ्याचा.
सीपीआरमधनं परस्पर नेला.
माती द्यायला चौघं होते,
प्लॅस्टिकात गुंडाळलेले, चौघंही परके.
दुसऱ्या दिवशी साडेसातला दस्तगीर हजर.
सही केली. गाडीत चढला. स्टार्टर मारला.

दहा मिनिटं झाली.
वीस.
फोरमन आदगोंडा ओरडला,
"दस्तगीर, डिझेल काय तुझ्या बाचं हाय व्हय?"
मग काचेतनं आत बघितलं,
आणि धुतलेलंच चाक परत धुवायला बसला.

मी चढलो. माझ्या जागेवर बसलो.
धीर कसा देतात मला येत नाही.
सतरा वर्षांत एकच बोलायला शिकलोय.
दोरी ओढली. टण टण.

आरशात त्याचे डोळे वर आले.
"फुलेवाडी. हाय का कोण उतरणार?"
कोणी नव्हतं. टण टण.
त्याचा पाय क्लचवर गेला.
"बालिंगा. ओ मावशी, टोपली आत घ्या."
दुसरा गिअर.
"दोनवडे. दारात उभं राहू नका."
तिसरा.
गाडी जागच्या जागी थरथरत होती,
समोर आरटीओनं रंगवलेली तीच भिंत,
आणि तो स्टिअरिंग हळू वळवत होता
जिथं रस्ता वळतो तिथं बरोबर.
कोपार्डे. सांगरूळ फाटा.

कळे म्हणायला माझं तोंड उघडंना.
तोच म्हणाला, "आक्का, हितं जरा थांबूया."
मी एक घंटी दिली.
त्यानं हँडब्रेक ओढला,
टोपी काढली, मांडीवर ठेवली.
दोन्ही तळहात समोर धरून
किती वेळ बसला मी मोजलं नाही.
इंजिन चालूच होतं,
बाहेर पाण्याचा पाइप वाहत होता,
बंद करायला कोण उठलं नाही.

मग त्यानं नाक पुसलं.
"चला, घाटात अंधार होईल."
टण टण.

वहीत आदगोंडानं
डिझेलच्या रकान्यात दहा मिनिटांचंच लिहिलं.
सही वाकडी आली, खोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर दारात उभा,
मास्क हनुवटीवर.
"आक्का, आज राधानगरी करूया का?"
मी म्हणालो, करूया की.
सुट्टे पैसे आण मात्र.